स्टाफ नोटेशनचा फॉन्ट निवडताना मी काय बघते

म्यूजस्कोअर ह्या स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरमॅट मेनूतून स्टाइल उघडलं की स्कोअरच्या पानावर म्युझिकल सिम्बॉल्स फॉन्ट नावाचा एक छोटा ड्रॉपडाऊन असतो. लेलँड, ब्रावुरा, एमेंटालर, गॉनव्हिल, पेटालुमा, म्यूजजॅझ, फिनाले माएस्ट्रो, फिनाले ब्रॉडवे, अशी नावं त्यात दिसतात. बहुतेक जण तिथे फिरकतच नाहीत, आणि जे फिरकतात ते एकेक नाव क्लिक करून कुठला ट्रेबल क्लेफ, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं ते वळणदार चिन्ह, छान दिसतो तेवढं बघतात आणि बाहेर येतात. खरं तर क्लेफ ही निवडीसाठी सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे, ती ओळीत एकदा येते आणि वाजवणारा तिच्याकडे जेमतेम एकदा बघतो. काळं नोटहेड, म्हणजे स्वराचा गोळा, मात्र त्याच पानावर शेकडो वेळा येतं. निवडायचंच असेल तर आधी नोटहेड बघा, मग फ्लॅट (स्वर उतरवायची खूण), मग क्वार्टर रेस्ट (विश्रांतीची खूण), आणि क्लेफ सगळ्यात शेवटी.

मी पुण्यात एका छोट्या क्वायरसाठी आणि व्हायोलिन-व्हियोला वाजवणाऱ्या काही मित्रमंडळींसाठी पार्ट, म्हणजे ज्याच्या-त्याच्या ओळीची पानं, करून देते, हौसेने. घाईचं काम म्यूजस्कोअरमध्ये आणि सावकाश करायचं काम लिलीपाँड ह्या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही ओपन सोर्स, दोन्हींचे फॉन्टही ओपन, आणि त्यामुळे आत डोकावून बघता येतं की हे सगळं चालतं कसं. तर ते जे बघितलं, आणि त्यावरून मी काय ठरवलं, ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

पहिली गोष्ट म्हणजे संगीताच्या फॉन्टमध्ये संगीताचं अख्खं पान नसतंच. त्यात असतात नोटहेड, क्लेफ, शार्प-फ्लॅट-नॅचरल, रेस्ट, शेपट्या म्हणजे फ्लॅग, डायनॅमिक्सची अक्षरं, ट्रिल, फर्माटा वगैरे. पण स्टाफच्या पाच रेघा, स्टेम म्हणजे स्वराची दांडी, बीम म्हणजे दांड्या जोडणारी जाड पट्टी, स्लर आणि टाय म्हणजे स्वर जोडणाऱ्या कमानी, बारलाइन हे सगळं सॉफ्टवेअर स्वतः काढतं. म्हणजे एकच क्वार्टर नोट घेतली तरी डोकं फॉन्टचं आणि दांडी सॉफ्टवेअरची. ही वाटणी कॉम्प्युटरने आणलेली नाही. युरोपात दोनशेहून जास्त वर्षं संगीत छापायचे ते शिसं-कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर कोरून. पाच दातांच्या हत्याराने पाच रेघा ओढायच्या, मग क्लेफ, नोटहेड, शार्प-फ्लॅट ह्यांचे पोलादी पंच ठेवून हातोडीने ठोकायचे, आणि स्लर, बीम, स्टेम हे कोरणीने हाताने कापायचे, तेही सगळं उलटं, आरशातल्यासारखं, कारण छापल्यावर ते सुलटं होणार. ठोकायचं ते आज फॉन्टमध्ये गेलं आणि कापायचं ते सॉफ्टवेअरमध्ये. त्या कारागिराच्या हातात मात्र दोन्ही कामं होती, पंच जाडसर असेल तर रेघही त्याला शोभेल अशी तो ओढायचा. आज हे दोन भाग दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या देशांत बसून केलेले असू शकतात, आणि मग त्यांचं एकमेकांशी जमवायचं कोणी?

त्याचं उत्तर फॉन्टबरोबर येणाऱ्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. ब्रावुराची ती फाइल उघडून बघा. त्यात लिहिलंय की स्टाफची रेघ ०.१३ जाड हवी, स्टेम ०.१२, बीम ०.५, लेजर लाइन, म्हणजे स्टाफबाहेरच्या स्वरांसाठीची छोटी रेघ, ०.१६. हे सगळे आकडे स्टाफ स्पेसमध्ये, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर एक धरून. शिवाय प्रत्येक नोटहेडला स्टेम नेमका कुठे चिकटवायचा त्याचे बिंदू, प्रत्येक चिन्हाची चौकट केवढी, शार्प किंवा फ्लॅटच्या कोपऱ्यात किती मोकळी जागा आहे की जिथे शेजारचं चिन्ह आत सरकवता येईल, हेही सगळं आकड्यांत. फॉन्ट करणाऱ्या माणसाची नजर त्या फाइलमध्ये आहे असं मी मानते. नुसती चिन्हं घेतली आणि हे आकडे घेतले नाहीत तर अर्धाच फॉन्ट घेतला.

आणि नेमकं हेच सर्रास होतं! म्यूजस्कोअरमध्ये त्या ड्रॉपडाऊनच्या जवळच एक चेकबॉक्स आहे, फॉन्टप्रमाणे स्टाइलची सेटिंग आपोआप लोड करायची का असं विचारणारा. तो बंद ठेवून लेलँडवरून ब्रावुरावर गेलात तर नोटहेडं ब्रावुराची जाडजूड आणि रेघा मात्र लेलँडच्या मापाच्या बारीक, आणि मग लोक म्हणतात ब्रावुरा काळाकुट्ट दिसतो. तो काळाकुट्ट नाहीये, त्याच्या रेघाच तुम्ही त्याला दिल्या नाहीत. अर्थात तो चेकबॉक्स चालू केला की तुम्ही हाताने बसवलेल्या काही जाड्या पुसल्या जातात, म्हणून फॉन्ट आधी ठरवायचा आणि बारीकसारीक सजावट नंतर. अर्ध्यावर आलेल्या स्कोअरचा, म्हणजे नोटेशनच्या फाइलीचा, फॉन्ट बदलायचा झाला तर मी आधी कॉपी करून ठेवते, त्याशिवाय हात लावत नाही.

हे आकडे सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायचे ठरवले त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ऐंशीच्या दशकात अ‍ॅडोबीसाठी क्लिओ हगिन्स यांनी सोनाटा नावाचा फॉन्ट केला, तो पोस्टस्क्रिप्ट ह्या प्रिंटरच्या भाषेच्या जमान्यातला पहिला मोठा संगीत फॉन्ट. त्यात कीबोर्डवरच्या अक्षरांच्या जागीच चिन्हं बसवली होती, अँपरसँड दाबला की ट्रेबल क्लेफ, प्रश्नचिन्ह दाबलं की बेस क्लेफ, छोटा क्यू दाबला की क्वार्टर नोट. सुरुवातीला ठीक होतं, पण जागा सव्वादोनशेच्या आसपास आणि चिन्हं हजारो, त्यामुळे नंतर येणाऱ्या प्रत्येक फॉन्टने उरलेली चिन्हं आपापल्या सोयीने कुठेही बसवली. पुढे काय झालं असेल ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही. युनिकोडच्या आधी आपल्याकडे मराठीचं हेच होतं, फाइल एका ऑफिसात टाइप केलेली आणि दुसऱ्या ऑफिसात तो फॉन्ट नसला की उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा कचरा. लग्नपत्रिकेच्या प्रेसमध्ये फाइलबरोबर फॉन्टही पेन ड्राइव्हवर घेऊन जावं लागायचं, आठवत असेल. संगीताच्या फॉन्टचंही अगदी तसंच होतं.

युनिकोडने २००१ साली संगीताच्या चिन्हांचा एक भाग दिला, पण त्यात चिन्हं दोनशेच्या थोडी वर, आणि माप-बिप काहीच ठरवलेलं नाही, त्यामुळे एन्ग्रेव्हिंग, म्हणजे छपाईसाठी नोटेशनची मांडणी, करणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग २०१३ च्या मे महिन्यात स्टाइनबर्ग कंपनीच्या डॅनियल स्प्रेडबरी यांनी जर्मनीत माइन्त्स इथे स्मुफल मांडलं, म्हणजे स्टँडर्ड म्युझिक फॉन्ट लेआउट, आणि त्याबरोबर ब्रावुरा हा फॉन्ट. स्टाइनबर्ग कंपनी तेव्हा डोरिको हे विकायचं नोटेशन सॉफ्टवेअर बनवत होती आणि हा फॉन्ट त्यासाठीच केला होता, पण त्यांनी फॉन्टही मोफत-मुक्त लायसन्सवर दिला आणि मांडणीचा नियमही सगळ्यांसाठी उघडा ठेवला. २०१५ मध्ये तो नियम वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी ह्या संस्थेच्या म्युझिक नोटेशन कम्युनिटी ग्रुपकडे गेला, म्हणजे आता तो एका कंपनीच्या मालकीचा राहिला नाही. मला ह्या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो. विकायच्या सॉफ्टवेअरच्या पैशातून झालेलं काम आज पुण्यात बसून मी फुकट वापरते, आणि ते बदलायचाही मला हक्क आहे.

स्मुफलमध्ये अडीच हजारांहून जास्त चिन्हांना पक्के नंबर आहेत, युनिकोडने खासगी वापरासाठी सोडलेल्या जागेत. नियम साधे आहेत आणि म्हणूनच टिकाऊ आहेत. फॉन्टचा एक एम, म्हणजे त्याच्या मापाचं मूळ एकक, म्हणजे चार स्टाफ स्पेस, म्हणजे स्टाफची पूर्ण उंची. नोटहेड बेसलाइनवर, म्हणजे रोमन अक्षरं जिच्यावर टेकतात त्या रेषेवर, मधोमध. क्लेफ ज्या स्वराची खूण आहे ती रेघ बेसलाइनवर. एवढं पाळलं की कुठलाही फॉन्ट काढून दुसरा ठेवता येतो आणि काही सरकत नाही. चिन्हांची यादी वाचायला बसा कधीतरी, मध्ययुगीन नोटेशन आहे, ल्यूटची टॅब्लेचर आहे, तुर्की मकामचे शार्प-फ्लॅट आहेत, इराणी संगीतातले कोरोन आणि सोरी आहेत. (आपली भातखंडे पद्धत मुळात देवनागरी अक्षरांवर उभी, त्यामुळे तिचं सगळं दुखणं-खुपणं टेक्स्ट फॉन्टच्या खात्यात जातं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

लिलीपाँडची गोष्ट ह्याच्या आधीची आणि स्वतंत्र. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवनहाउझन ह्या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. बाखच्या सोलो चेलो स्वीट्सची बेरेनराइटर ह्या प्रकाशकाने १९५० च्या सुमारास काढलेली हाताने कोरलेली आवृत्ती आणि पुढच्या काळातली कॉम्प्युटरवर केलेली आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवून, जुनं पान वाचायला इतकं सोपं का वाटतं ह्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, आणि लिलीपाँडच्या दस्तऐवजांत तो निबंध अजून आहे, जमलं तर जरूर वाचा. त्यातलं मला पटलेलं निरीक्षण असं की जुन्या पानावर शाई जास्त आहे. रेघा ठसठशीत, नोटहेड भरीव, फ्लॅटचे कोपरे मऊ, कारण पंचाला टोकदार कोपरा टिकत नाही. स्टँडवर हातभर लांब ठेवलेलं पान, वरून ट्यूबलाइट, हातात वाद्य, अशा वेळी तो जाडपणाच डोळ्याला धरून ठेवतो. स्क्रीनवर झूम करून बघताना नाजूक फॉन्ट देखणा वाटतो आणि रिहर्सलला तोच दगा देतो.

त्यातून फेटा हा फॉन्ट झाला, जुन्या चिन्हांसाठी पार्मेसान, आणि सगळं एकत्र बांधलेला एमेंटालर, नावं सगळी चीजची. ह्या फॉन्टचं मूळ हे चित्र नसून प्रोग्राम आहे. मेटाफॉन्ट नावाची डोनाल्ड क्नूथ यांची भाषा आहे, तिच्यात नोटहेड किती तिरकं, किती रुंद, रेघ किती जाड हे समीकरणांनी लिहायचं. त्याचा मोठा फायदा असा की एकाच प्रोग्राममधून वेगवेगळ्या मापांसाठी वेगळे आकार निघतात. एमेंटालरच्या आठ फाइली आहेत, ११ पासून २६ पर्यंत, साधारण ४ मिलिमीटर उंचीच्या खिशातल्या स्कोअरपासून ९ मिलिमीटरपर्यंत, आणि नेहमीच्या पार्टसाठी २० नंबर, म्हणजे ७ मिलिमीटर. लहान माप हे मोठ्याला फक्त दाबून केलेलं नाही, त्यात रेघा प्रमाणाने जाड आहेत, जुन्या कारागिरांकडेही मापागणिक पंचांचे वेगळे संच असायचे तसं. आणि पियानोच्या दोन स्टाफना जोडणाऱ्या महिरपी कंसाची तर स्वतंत्र फाइल, त्यात त्या एका कंसाचे ५७६ आकार! मला ह्या फाइलीचं मनापासून कौतुक आहे.

म्हणूनच छोटं छापायचं असेल तर मी डोळे झाकून लिलीपाँडकडे जाते. प्रार्थनेच्या पुस्तिकेसारखं ए-फाइव्ह पान, त्यात चार आवाज आणि खाली शब्द, स्टाफ ५ मिलिमीटरवर आलेला, तिथे एमेंटालर जितका वाचता येतो तितकं दुसरं काही मी बघितलेलं नाही. म्यूजस्कोअरच्या यादीतही एमेंटालर आहे, मूळ लिलीपाँडचाच घेऊन वाढवलेला, पण तिथे एकच माप आहे, आठ नाहीत, हे लक्षात असू द्या.

नेहमीच्या ए-फोर पार्टला म्यूजस्कोअरमध्ये लेलँड. हा २०२१ च्या जानेवारीत म्यूजस्कोअर ३.६ बरोबर आला, मार्टिन केरी आणि सायमन स्मिथ यांचं काम, आणि नाव दिलंय ते लेलँड स्मिथ यांचं, ज्यांनी स्टॅनफर्डमध्ये स्कोअर नावाचं जुनं एन्ग्रेव्हिंग सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मोठमोठ्या प्रकाशकांची कितीतरी पानं त्या सॉफ्टवेअरवर झालीत, त्यामुळे लेलँड पहिल्यांदा बघितला तरी ओळखीचा वाटतो, कुठेतरी आपण हे वाजवलंय असं. बरोबर एडविन हा टेक्स्ट फॉन्टही दिलाय, शाळेच्या पुस्तकी वळणाचा, टेम्पोच्या खुणा आणि शीर्षकासाठी. दोघांचं वजन जुळतं. मला लेलँडचं नोटहेड आवडतं, आणि त्याहून जास्त त्याचा क्वार्टर रेस्ट, घाईत वाचतानाही दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

ब्रावुरा मी मोठ्या स्टँडसाठी ठेवते, दोघींनी मिळून एक पान वाचायचं असेल, किंवा वाजवणाऱ्याचं वय झालंय आणि चष्मा आहे, तेव्हा. तो ठाम आहे, थोडा भारी, आणि चिन्हांच्या बाबतीत त्याच्याइतका भरलेला फॉन्ट दुसरा नाही. काही विचित्र चिन्ह लागलं की ब्रावुरात ते असतंच. गॉनव्हिल हा सायमन टॅथम यांनी केलेला, हो, दूरच्या कॉम्प्युटरला जोडून देणाऱ्या पुट्टी ह्या सॉफ्टवेअरचे तेच, नेटवर्कवाल्या मंडळींना नाव माहीत असेल. त्यांना फेटाचं वळण जरा नटवं वाटत होतं म्हणून त्यांनी लिलीपाँडसाठी साधा फॉन्ट केला. तो स्वच्छ आहे, पण माझ्या नजरेला जरा कोरडा वाटतो, त्यामुळे मी वापरत नाही.

पेटालुमा आणि म्यूजजॅझ हे हाताने लिहिल्यासारखे. जॅझवाल्यांना तेच लागतात, कारण त्यांची सगळी सवय हस्तलिखित पानांची. आपल्याकडेही मुंबईच्या सिनेसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या अरेंजर मंडळींनी हाताने स्टाफ नोटेशन लिहिलं आणि अख्खा ऑर्केस्ट्रा त्यावरून वाजला. त्या पिढीकडून शिकलेल्या एका व्हायोलिनच्या सरांना मी पार्ट देते, त्यांना पेटालुमा दिला की ते खूश होतात, म्हणतात हे माणसाने लिहिल्यासारखं आहे. मला स्वतःला मात्र त्यात लेजर लाइन मोजायला त्रास होतो. ज्याला वाजवायचंय त्याचा फॉन्ट, करणाऱ्याचा नाही, एवढं मी पाळते.

आता सांभाळण्याबद्दल, कारण निवडणं एक दिवसाचं काम आहे आणि सांभाळणं कायमचं.

लिलीपाँडमध्ये दुसरा संगीत फॉन्ट वापरायचा तर त्याच्या एमेंटालरसारख्याच मापवार फाइली आणि कंसाची फाइल लिलीपाँडच्या स्वतःच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकाव्या लागतात, आणि तो फोल्डर आवृत्तीच्या नंबराच्या आत असतो. म्हणजे लिलीपाँडची नवीन आवृत्ती टाकली की तुमचे फॉन्ट जुन्या फोल्डरमध्येच राहतात. मी वापरत असलेले जास्तीचे फॉन्ट आता एका वेगळ्या जागी ठेवते आणि नवीन आवृत्तीत एका छोट्या स्क्रिप्टने कॉपी करते. फॉन्ट सांगायची पद्धतही बदललीय, २.२४ पर्यंत एक होती आणि २.२५ च्या मालिकेत दुसरी आली, त्यामुळे फॉन्टचा तो भाग प्रत्येक गाण्याच्या फाइलीत न लिहिता एका वेगळ्या फाइलीत लिहून सगळीकडे ती जोडायची, मग बदलायचं ते एकाच ठिकाणी.

त्याहून अवघड दुखणं म्हणजे नसलेली चिन्हं. लिलीपाँड स्मुफलचे नंबर वापरत नाही, त्याची स्वतःची चिन्हांची नावं आहेत, आणि काळाप्रमाणे त्यात नवीन नावं येत राहतात. एमेंटालर त्याच घरात असल्याने त्यात ती लगेच येतात. बाहेरच्या हौशी माणसाने काही वर्षांपूर्वी प्रेमाने केलेला सुंदर फॉन्ट असतो, त्यात ती नसतात. मग नव्वद टक्के पान छान आणि मधेच एक चिन्ह गायब, आणि वाईट म्हणजे ते सहजासहजी लक्षातही येत नाही, लॉगमध्ये एक ओळ येऊन जाते आणि ती कोण वाचतंय. म्हणून फॉन्ट घ्यायच्या आधी मी त्याचं पान उघडून शेवटचा बदल कधी झालाय ते बघते, लोकांनी सांगितलेल्या तक्रारींना कोणी उत्तर देतंय का ते बघते, आणि मूळ सोर्स दिलाय का की नुसती तयार फाइल, तेही. नुसती तयार फाइल असेल तर फॉन्टफोर्ज ह्या फॉन्ट बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दुरुस्त करता येते, पण पुढच्या वेळी मूळ माणसाने नवीन फाइल दिली की तुमची दुरुस्ती गेली. सोर्स असेल तर दुरुस्ती परत पाठवता येते, आणि ती सगळ्यांची होते.

एका चिन्हाला हात लावणं म्हणजे काय ते फॉन्ट सांभाळणाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. समजा फ्लॅटचं पोट जरा रुंद केलं. मग त्याची चौकट बदलली, ती आकड्यांच्या फाइलीत बदलायला हवी. कोपऱ्यातली मोकळी जागा बदलली. डबल फ्लॅटमध्ये तोच आकार दोनदा आहे, तो बदलला. कंसातला फ्लॅट बदलला. आणि जिथे जिथे तीन-चार स्वरांच्या कॉर्डपुढे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांपुढे, फ्लॅट एकमेकांना चुकवून रचलेले असतात तिथली रचना बदलली, त्यामुळे ओळ किंचित लांबली, त्यामुळे एक बार, म्हणजे दोन बारलाइनमधला तुकडा, पुढच्या ओळीवर गेला, आणि कोणाच्या तरी पार्टमध्ये पान उलटायची जागा चुकीच्या ठिकाणी आली. म्हणून लिलीपाँडवाले प्रत्येक बदलाच्या आधीची आणि नंतरची शेकडो छोटी पानं काढून त्यांची तुलना करतात. मीही माझ्यापुरतं तेच करते, माझ्या नेहमीच्या गाण्यांमधली काही अवघड पानं एका फोल्डरमध्ये आहेत, सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट बदलला की ती परत काढायची आणि जुन्या पीडीएफवर ठेवून बघायची. म्यूजस्कोअरही जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की विचारतं, लेलँड आणि एडविन लावू का म्हणून. जुन्या, वाजवून झालेल्या, पेन्सिलीच्या खुणा असलेल्या पार्टच्या बाबतीत माझं उत्तर नेहमी नाही असतं. क्वायरमधल्या अर्ध्या जणींकडे जुनं पान आणि अर्ध्या जणींकडे नवं, आणि कुठल्या ओळीपासून घ्यायचं ह्यावर पाच मिनिटं गेली, हे कोणाला नको असतं.

लायसन्सकडेही बघायचं, कंटाळवाणं वाटलं तरी. ब्रावुरा, लेलँड, पेटालुमा हे एसआयएल ह्या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सवर, म्हणजे ओएफएलवर, आहेत. वापरा, बदला, वाटा, कार्यक्रमाचं पुस्तक छापून विका, सगळं चालतं, फक्त फॉन्ट एकटाच विकायचा नाही. आणि नाव राखून ठेवलेलं असेल, जसं ब्रावुराचं आहे, तर तुम्ही बदललेल्या फॉन्टला ते नाव द्यायचं नाही. हा नियम मला फार योग्य वाटतो, नाहीतर ब्रावुरा नावाच्या दहा वेगवेगळ्या फाइली जगात फिरल्या असत्या आणि कोणाच्या मशिनवर काय दिसेल ह्याचा भरवसा उरला नसता. लिलीपाँडचा फॉन्ट जीपीएल, म्हणजे त्यातून केलेलं कामही त्याच अटींवर द्यायला लावणारं लायसन्स, आणि ओएफएल दोन्हींवर आहे, आणि जीपीएलमध्ये फॉन्टसाठी सूट दिलीय, म्हणजे पीडीएफमध्ये फॉन्ट गेला म्हणून तुमचं गाणं जीपीएल होत नाही.

ह्या सगळ्याचा उपयोग काय ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. फिनाले, पस्तीस वर्षं चाललेलं नोटेशन सॉफ्टवेअर, ते बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. जगभर किती लोकांचं आयुष्यभराचं काम त्या फाइलींमध्ये होतं. पण फिनालेचे फॉन्ट त्याआधीच स्मुफलमध्ये बसवून ओपन लायसन्सवर दिलेले होते, आणि म्हणून फिनाले माएस्ट्रो आज म्यूजस्कोअरच्या यादीत आहे. सॉफ्टवेअर थांबलं, पण ज्यांना आयुष्यभर त्या वळणाची सवय होती त्यांना ते वळण अजून मिळतंय, आणि त्यात काही कमी निघालं तर दुरुस्त करायची सोय आहे.

राहता राहिले शब्द. आमच्या क्वायरला मराठी गाणी लागतात आणि मराठी शब्द रोमनमध्ये लिहायला माझा ठाम विरोध आहे. एडविनमध्ये देवनागरी नाही, लिलीपाँडच्या सी-झिरो-फाइव्ह-नाइन ह्या टेक्स्ट फॉन्टमध्येही नाही. तरी देवनागरी टाइप केलं की उमटतं, कारण सिस्टिम आपल्याकडचा मिळेल तो फॉन्ट उचलते. तो तुमच्या मशिनवर एक आणि दुसरीच्या मशिनवर दुसरा, आणि रुंदी वेगळी म्हणून ओळी वेगळ्या तुटतात. म्हणून लिरिक्सच्या स्टाइलला देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट द्यायचं, कधीही मोकळं सोडायचं नाही. जोडाक्षरांची काळजी नको, लिलीपाँड पँगो आणि हार्फबझ ह्या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून काम करून घेतं आणि ते व्यवस्थित जोडतात.

मी दोनच देवनागरी फॉन्ट वापरते. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, सात वजनांत म्हणजे जाड्यांत मिळतो, त्यातलं रेग्युलर किंवा मीडियम घ्यायचं, लाइट घेतलं तर वरच्या भरीव नोटहेडांपुढे शब्द फिके पडतात. आणि पुस्तिकेसाठी टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, वेगळं काही सेट करावं लागत नाही, आणि एमेंटालरच्या जाड-बारीक रेघांशी त्याची छान जोडी जमते. त्यात बोल्ड नाही, त्यामुळे कडव्यांचे आकडे बोल्ड करायला गेलात तर सॉफ्टवेअर खोटं बोल्ड करतं आणि ते घाण दिसतं, आकडे साधेच ठेवा.

देवनागरीला उभी जागाही जास्त लागते. वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, आणि ह्या सॉफ्टवेअरची लिरिक्सची मूळ अंतरं रोमन अक्षरांच्या हिशोबाने ठरलेली, त्यामुळे खालच्या स्वरांची नोटहेडं आणि रफार एकमेकांत घुसतात. स्टाफ आणि शब्दांमधलं अंतर वाढवायचं, आणि दोन कडव्यांमधलंही, नाहीतर पहिल्या कडव्याचा उकार दुसऱ्याच्या वेलांटीला टेकतो. तोडताना मी स्वर्-ग, प्रार्-थ-ना असं तोडते, कारण गाणारीच्या तोंडात र् आधीच्या स्वरावर येतो. काही जणांना स्व-र्ग बरं वाटतं, पण मग गाणारी ग वर अडखळते हे मी रिहर्सलला पुन्हा पुन्हा ऐकलंय.

देवनागरी लिरिक्समध्ये कुठे काही आदळताना, तुटताना दिसलं तर कृपा करून तसंच हाताने सरकवून सोडून देऊ नका. दोन बारची छोटी फाइल करा, फॉन्टचं नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा, पीडीएफ जोडा आणि प्रोजेक्टकडे कळवा. ही सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांपैकी देवनागरी वाचणारे फार थोडे, त्यांना रफार कुठे असायला हवा ते आपण दाखवल्याशिवाय दिसणार कसं.